पेंट शॉपमधला गारवा कोणासाठी?

प्रश्न : माझा मुलगा चाकणला मोटारींच्या कारखान्यात आहे. तो सांगतो, पेंट शॉपमध्ये मे महिन्यातही गारवा आणि वेल्ड शॉपमध्ये मात्र घामाच्या धारा. असा दुजाभाव का?
– एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : तो गारवा माणसांसाठी नाही, रंगासाठी आहे. नव्या कारखान्यांत मोटारीचा रंग बहुधा पाण्यात कालवलेला असतो. फवाऱ्यातल्या थेंबातलं पाणी पत्र्यावर पोचेपर्यंत किती उडतं, यावर सगळी मदार. हवा दमट असली तर पाणी उडत नाही, रंग ओघळतो. फार कोरडी असली तर थेंब वाटेतच सुकतो आणि पत्रा हाताला खरखरीत लागतो. रंगात धातूचे कण असले, तर ते कसे बसले यावर छटा बदलते; एकाच डब्यातल्या रंगाचे दोन दरवाजे वेगळे दिसतात. म्हणून बूथमध्ये तापमान साधारण २३ अंश आणि आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास राखतात. हवा छतातून उतरते आणि इकडेतिकडे उडालेला रंग घेऊन पायाखालच्या जाळीतून निघून जाते. तिचा वेग सेकंदाला ४० सेंटिमीटर धरला, तरी ५० चौरस मीटरच्या बूथला तासाला ७२,००० घनमीटर हवा लागते!

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. एप्रिलच्या कोरड्या हवेवर पाणी फवारलं की ती दमटही होते आणि बरीचशी थंडही. जुलैत तसं चालत नाही. बाहेर २५ अंशच असले, तरी हवेतलं जादा पाणी काढण्यासाठी ती आधी १६ अंशांपर्यंत थंड करायची, पाणी गळू द्यायचं आणि मग पुन्हा २३ अंशांवर तापवायची. आधी थंड, मग गरम, असा दुहेरी खर्च. शेजारच्याच भट्टीत रंग १४० अंशांच्या आसपास भाजला जात असतो. तिची वाया जाणारी उष्णता सोडून हवा तापवायला वेगळा गॅस जाळणं, हे माझ्या मते सदोष आखणीचं लक्षण आहे. जिथे फवारणी रोबो करतात, तिथे बरीचशी हवा गाळून पुन्हा वापरता येते. बचत तिथेही आहे.

वेल्ड शॉपचं काय? एवढी उंच, सताड उघडी शेड पूर्ण थंड करणं परवडत नाही, हे खरं. पण कामगार उभा राहतो तिथपर्यंत डक्टने गार हवेचा झोत नेता येतो. त्याला फारसा खर्च नाही आणि ती चैनही नाही. मुलाच्या जागेपर्यंत असा डक्ट पोचला आहे का, ते विचारा. नसेल, तर सुरक्षा समितीच्या पुढच्या बैठकीत त्याने ही मागणी लेखी द्यावी.