रियाझ आणि कंठाचे आरोग्य

आपल्या बडोद्यास गायनाची परंपरा मोठी. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली येथे गायनशाळा काढली. फैयाजखाँसाहेब १९५० साली याच शहरी पैगंबरवासी झाले. साहजिकच आपल्या घराघरांतून मुलांना गाणे शिकविण्याची हौस आहे. परंतु कित्येक मुले घसा बसवून घेतात व गाणे सोडतात, हे आम्ही शाळेत पाहतो. दोष बहुधा गळ्याचा नसतो, रियाझाच्या रीतीचा असतो.

प्रथम पट्टी. स्वरतंतू म्हणजे कंठातील दोन नाजूक घड्या. नुसते बोलतानाही पुरुषाच्या कंठात त्या सेकंदास सुमारे शंभर-सव्वाशे वेळा व स्त्रीच्या कंठात दोनशेच्या आसपास कंप पावतात. तारसप्तकात याहून पुष्कळच अधिक. तेव्हा शेजारची मुलगी काळी पाचात गाते म्हणून आपलीनेही तेथेच ओरडावे, हा हट्ट व्यर्थ होय. मंद्र पंचम व तार षड्ज मान न ताणता लागतात, ती आपली पट्टी.

सकाळी उठल्याबरोबर ताना घेऊ नयेत. कोमट पाणी प्यावे, तंबोरा जुळवावा, मिटल्या तोंडाने गुणगुणावे, मग षड्जावर आकार स्थिर करावा. त्यानंतर खर्जाकडे सावकाश उतरावे. घसा दाबून काढलेली खरखर हा खर्ज नव्हे. अलंकार आधी ठाय लयीत. नवशिक्यास वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका पुरेत. उस्तादांच्या अठरा तासांच्या मेहनतीच्या कथा मुलांना जरूर सांगाव्यात. तेथे कोणी घड्याळ घेऊन बसले नव्हते, हेही सांगावे.

तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलग्यांचा आवाज फुटतो. आमच्या वर्गातील एका गोड गळ्याच्या मुलास घरच्यांनी ‘आवाज बिघडला’ म्हणून गाण्यातून काढले. बिघडले काहीच नव्हते. त्या वयात स्वरयंत्र वाढते, तंतू लांब व जाड होतात. अशा मुलाने पट्टी उतरवून थोडेच गावे, उरलेला वेळ ठेके व सरगम पाठ करण्यात घालवावा. त्यास कोणी हसू नये, एवढे मात्र पालकांनी पाहावेच.

आवाज बसला तर मौन पाळावे. कुजबुजणे व वारंवार खाकरणे यांनीही कंठास ताणच पडतो. खडीसाखर, ज्येष्ठमध यांनी घशास बरे वाटते, पण गिळलेला पदार्थ स्वरतंतूंवरून जात नाही, अन्ननलिकेत जातो. तीन आठवड्यांत आवाज पूर्ववत झाला नाही, तर घशाच्या डॉक्टरांस दाखवावे व तोवर तंबोरा गवसणीतच ठेवावा.