‘ह्यू लिंडसे’ आगबोटीची भूक

आपले इंदूर समुद्रापासून फार दूर. तेव्हा एका आगबोटीचा इतिहास आपणांस कशासाठी, असा प्रश्न सहज मनात येईल. परंतु ६ जानेवारी १८१८ रोजी होळकरांशी मंदसोरचा तह करणारा जॉन माल्कम आपणां सर्वांस ठाऊक आहे. हाच माल्कम १८२७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि मुंबईहून सुएझला आगबोट धाडण्याचा त्याने ध्यास घेतला.

त्या काळी विलायतेची डाक शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून जाई. त्यास चार ते सहा महिने लागत. मुंबईने प्रश्न विचारावा आणि लंडनचे उत्तर वर्षाने यावे, अशी कंपनीच्या राज्यकारभाराची स्थिती होती. तांबड्या समुद्राने सुएझ गाठून पुढे मिसर देश खुष्कीने ओलांडला, तर हा काळ पुष्कळ वाचणार होता.

यासाठी मुंबईच्या गोदीत, नौरोजी जमशेटजी वाडिया यांच्या देखरेखीखाली, सागवानाची ‘ह्यू लिंडसे’ बांधली गेली. १८२९ च्या ऑक्टोबरात ती पाण्यात उतरली. ती ४११ टनांची, १४० फूट लांब व २५ फूट रुंद होती. आपल्या बडा गणपतीच्या मूर्तीची उंचीही सुमारे २५ फूट आहे. त्यावरून तिच्या रुंदीची कल्पना करावी. प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन यंत्रे तिची चाके फिरवीत. कंपनीच्या मुंबई आरमारातील ही एक लहानशी नौका होती.

आम्हां कोकणी भाषकांना ‘आगबोट’ हा शब्द बालपणापासून परिचित. पण आगीस सतत इंधन लागते, हे त्या शब्दातले मर्म या नौकेने जगाला दाखविले. तिच्यात साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल अशी योजना होती, आणि एडनपर्यंत तर अकरा दिवस लागणार होते! मग उतारूंच्या खोल्यांतही कोळसा भरला गेला. या ओझ्याने बोट पाण्यात खोल बसली. २० मार्च १८३० रोजी कप्तान जॉन विल्सन तिला घेऊन निघाला. ती एडनला पोहोचली तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा शिल्लक होता. वाटेतील बंदरांत जो कोळसा तिने घेतला, तो शिडाच्या जहाजांनी आधीच नेऊन ठेवला होता. म्हणजे नव्या युगाच्या नौकेचे पोट जुन्या युगाच्या नौका भरीत होत्या!

२२ एप्रिल रोजी ती सुएझला लागली. प्रत्यक्ष प्रवासास सुमारे २१ दिवस लागले; उरलेले दिवस मुख्यतः कोळसा भरण्यात गेले. तरीही डाक सुमारे दोन महिन्यांत लंडनला पोहोचली. खर्च पाहून कंपनीचे संचालक नाखूष झाले. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यापुढे तिची यंत्रेही अपुरी पडत. परंतु मार्ग सिद्ध झाला होता. त्याच वर्षी डिसेंबरात माल्कम स्वतः याच बोटीने स्वदेशी निघाला.

पुढे काय झाले, हे मात्र विचार करण्याजोगे आहे. आगबोटी वाढल्या, तशी वाटेतील कोळशाच्या ठाण्याची निकड वाढली. १९ जानेवारी १८३९ रोजी मुंबईहून गेलेल्या फौजेने एडन जिंकले. एका जहाजाच्या लुटीचे निमित्त झाले होते; राजकारणाचीही कारणे होती. परंतु कोळशाची वखार हे त्यांतील एक प्रमुख कारण होते. एडनवरील इंग्रजी अंमल पुढे १९६७ पर्यंत टिकला.

विद्यार्थ्यांनो, नव्या यंत्राची गती पाहून आपण हरखून जातो. त्या वेळी आणखी दोन प्रश्न विचारावेत: या यंत्राला खाद्य किती लागते, आणि ते कोणाच्या अंगणातून आणले जाते? ‘ह्यू लिंडसे’ने डाकेचे महिने वाचविले, हे खरे, त्याची किंमत एडनच्या रहिवाशांनी आपल्या स्वातंत्र्याने मोजली, हेही तितकेच खरे आहे.