जँगोच्या इम्पोर्टखालची रेघ पुसायला किती पैसे लागतात?

जँगोचा नवा प्रकल्प उघडला, पहिल्या ओळीत इम्पोर्ट लिहिला आणि त्याखाली नागमोडी रेघ उमटली, की सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतो पायचार्मची पैसेवाली आवृत्ती घे, कोणी म्हणतो विंडोज नव्याने टाक, कोणी 'सेटअप करून देतो'चा दर सांगतो. हिशेब आधीच मांडून टाकू: ही दुरुस्ती फुकटात होते. जँगोला परवाना शुल्क नाही, पायथनला नाही, व्हीएस कोडलाही नाही. इंटरनेट लागते तेही थोडेच, कारण जँगोचे पॅकेज साधारण 8 एमबीचे आहे. बाकी जातो तो अर्धा तास.

खर्चाचा विचार करण्याआधी टर्मिनल उघडून प्रकल्पाचा सर्व्हर चालवून पाहा. तो बिनतक्रार चालला, तर प्रकल्प ठणठणीत आहे. रेघ एडिटरची आहे, पायथनची नाही. मॉड्यूल सापडत नाही म्हणून सर्व्हर बंद पडला, तर ज्या पायथनने तो चालवलात त्यात पॅकेज नाही. या दोन आजारांची औषधे वेगळी आहेत आणि बहुतेकांचा वेळ वाया जातो तो पहिल्यावर दुसऱ्याचे औषध देण्यात.

पहिला आजार फार सर्रास आढळतो. एकाच लॅपटॉपवर तीन-चार पायथन नांदत असतात: संकेतस्थळावरून उतरवलेला, मायक्रोसॉफ्ट स्टोअरचा, कॉलेजात कोणीतरी टाकून दिलेला ॲनाकोंडाचा, आणि प्रकल्पापुरता बनवलेल्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधला. पॅकेजे बसवणाऱ्या पिपने जँगो एकात बसवला आणि एडिटर भलत्याच पायथनमध्ये शोधतोय, एवढाच घोळ असतो. पाहुणे एका वाड्यात उतरलेले आणि टपाल दुसऱ्या वाड्यात जातेय, तसे.

व्हीएस कोडमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून इंटरप्रिटर निवडण्याचा आदेश शोधा आणि यादीतून प्रकल्पाच्या फोल्डरमधला पायथन निवडा. रेघ इथे बहुधा पिवळी असते, ती काही क्षणांत जाते. पायचार्ममध्ये तीच निवड सेटिंग्जमधल्या पायथन इंटरप्रिटरच्या पानावर करायची. तिथली रेघ लाल असते. निवड बदलल्यावर खाली अनुक्रमणिका तयार होण्याची पट्टी सरकते, ती संपेपर्यंत दम धरा. जुन्या लॅपटॉपवर ती रेंगाळते, म्हणून रॅम विकत घ्यायला पळू नका.

जँगोची रेघ गेली पण स्वतःच्याच ॲपच्या नावाखाली उरली, तर फोल्डर चुकलाय. प्रकल्प सुरू करताना जँगो एका नावाचा फोल्डर आणि त्याच्या आत त्याच नावाचा दुसरा बनवतो. व्हीएस कोडमध्ये ज्या फोल्डरात मॅनेज डॉट पीवाय आहे तोच उघडा, त्याच्या वरचा नको. पायचार्ममध्ये त्या फोल्डरवर उजवी क्लिक करून त्याला 'सोर्सेस रूट' ठरवा. आणि हो, स्वतःच्या फाइलला 'जँगो डॉट पीवाय' नाव दिले असेल तर आधी ते बदला; पायथन खऱ्या जँगोऐवजी तुमचीच फाइल उचलतो.

दुसऱ्या आजारात पॅकेज बसवावे लागते. विंडोजवर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट सुरू करताना पॉवरशेल कधी कधी स्क्रिप्ट चालवायला नकार देते. साधा कमांड प्रॉम्प्ट वापरला की अडत नाही. सावध राहायचे ते नावांपाशी. बसवायचे नाव आणि इम्पोर्ट करायचे नाव दर वेळी सारखे नसते: चित्रांचे पॅकेज 'पिलो' म्हणून बसते आणि 'पीआयएल' म्हणून इम्पोर्ट होते. म्हणून रेघेवरचे नाव जसेच्या तसे पिपला देऊ नका, पॅकेजच्या अधिकृत पानावरून घ्या. 2019 मध्ये 'जेलीफिश' या पॅकेजच्या नावातले एकच अक्षर बदलून केलेली बनावट प्रत सापडली होती. ती वापरणाऱ्याच्या गुप्त किल्ल्या चोरत होती. या फुकटच्या दुरुस्तीत खरे नुकसान होऊ शकते ते इथे.

आता पायचार्म. 2025 पासून त्याची फुकट आणि पैसेवाली (प्रो) अशी दोन वेगळी डाउनलोड उरली नाहीत. एकच पायचार्म मिळते, प्रोच्या सोयी महिनाभर चाखता येतात आणि नंतर मूळ भाग फुकट चालू राहतो. इम्पोर्ट ओळखणे या फुकट भागातच आहे. प्रोमध्ये मिळते ती जँगोची खास समज: टेम्प्लेटमधल्या सूचना, मॉडेलच्या 'ऑब्जेक्ट्स'ची ओळख. फुकट आवृत्ती 'ऑब्जेक्ट्स'वर इशारा देते तेव्हा तो इम्पोर्टचा दोष नसतो, कोड व्यवस्थित चालतो. 2024 मध्ये व्यक्तिगत परवान्याचा पहिल्या वर्षाचा जाहीर दर 99 डॉलर होता. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर तेव्हाच्या विनिमय दराने 9,800 रुपयांच्या आसपास, वर कार्डाचे परकीय चलन शुल्क वेगळे. दुसऱ्या वर्षी 20 आणि तिसऱ्यापासून 40 टक्के सूट असे. रोज जँगोवर पोट असेल तर ही रक्कम वाजवी. रेघ पुसण्यासाठी मात्र एक रुपयाही जास्तच. विद्यार्थ्यांना कॉलेजच्या ईमेलवर परवाना फुकट मिळतो, तो आधी मागा.

तरीही कोणाला पैसे देऊन काम करून घ्यायचे असेल, तर दर तासावर न ठरवता कामावर ठरवा: तुमच्या डोळ्यांदेखत सर्व्हर चालला पाहिजे, एडिटरमध्ये रेघ नको, आणि पॅकेजांची आवृत्तीसह यादी असलेली रिक्वायरमेंट्स फाइल हातात हवी. ती असेल तर पुढच्या लॅपटॉपवर तुम्हीच एका आदेशात सगळे बसवाल. दूरस्थ पद्धतीने स्क्रीन देण्याआधी सेटिंग्ज फाइलमधली गुप्त किल्ली आणि डेटाबेसचा पासवर्ड काढून ठेवा. पैसे यादी मिळाल्यावर द्या.