मनाच्या आजाराच्या गोळ्या : डॉक्टरांपासून काय लपवू नये?



आपल्या लासुर्ण्यात बीपीची गोळी चालू असेल तर माणूस चारचौघांत सांगतो. मनाच्या आजाराची गोळी मात्र लपवतो. ताप आला की दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो आणि तिथेही गप्प बसतो. धोका इथेच आहे.

भास होणे, विनाकारण संशय येणे अशा आजारांत रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्लोझापिन, हॅलोपेरिडॉल ही औषधे देतात. ती मेंदूतील डोपामिन या रसायनाचा प्रभाव कमी करतात. पोटात गेलेले औषध मोडायचे काम मुख्यतः यकृताचे. ते वेगाने झाले तर औषध कमी पडते, मंदावले तर साचते.

आता उदाहरण पाहू. समजा, क्लोझापिन घेणारा माणूस रोज बिडी ओढतो. बिडीच्या धुरामुळे यकृत हे औषध लवकर मोडते. डॉक्टरांनी डोस त्याच हिशोबाने बसवलेला असतो. एके दिवशी तो बिडी सोडतो. चांगलंच केलं! पण काही दिवसांतच औषध साचू लागते. गुंगी, चक्कर येते, झटकेही येऊ शकतात. ओलान्झापिनचेही असेच. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. म्हणून तंबाखू मळून खाल्ल्याने तो होत नाही. मग बिडी सोडू नये का? जरूर सोडावी, पण डॉक्टरांना आधी सांगून.

आणखी काही गोष्टी :

१) सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकमुळे क्लोझापिनचे प्रमाण वाढते.
२) उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडमुळे अंगाचा ताठरपणा, थरथर वाढू शकते.
३) दारूने गुंगी वाढते.
४) 'झाडपाल्याला अपाय नसतो' हा गैरसमज आहे. सर्पगंधेत रेसरपिन हे प्रभावी द्रव्य असते. त्यानेही रक्तदाब उतरतो.
५) या गोळ्यांमुळे शरीराला ऊन सोसत नाही. उन्हाळ्यात शेतात काम करताना पाणी प्या, सावलीत थांबा.

बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आजार उलटतो. खूप ताप, अंग लाकडासारखे ताठ होणे आणि बोलण्यात भ्रम ही लक्षणे एकत्र दिसली तर लगेच १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. क्लोझापिन चालू असताना ताप व घसादुखी झाली तर रक्त तपासून घ्या. मनाच्या त्रासाबद्दल सल्ला हवा असल्यास टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

घरचा अभ्यास : घरातील प्रत्येकाच्या गोळ्यांची यादी करा. बिडी, दारू, काढे हेही त्यात लिहा. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना तो कागद खिशात असू द्या.