म्हातारपणाला सोयीचे घर



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि सास्तूर-माकणी भागात दगडमातीच्या भिंती व जड माळवदाखाली माणसे गाडली गेली. त्यानंतरची घरे भूकंपाचा विचार करून बांधली, म्हातारपणाचा नव्हे. तेव्हा चाळिशीत असलेली माणसे आज सत्तरीपुढे आहेत. पोरे पुण्याला, आईवडील म्हणतात, आम्ही इथेच बरे. रात्री लघवीला उठताना पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, तर मात्र तेच घर सोडावे लागते.

म्हणून आधी अंथरुणापासून संडासापर्यंतची वाट पाहा. त्यांच्यासोबत रात्री एकदा चालून बघा. गोधडीची घडी, वायर, पायपुसणे पायात येते का? वाटेत लहान दिवा ठेवावा. लाईट जाते, तेव्हा उशाशी चार्जिंगची बॅटरीही हवी.

न्हाणीतली फरशी खरबरीत असावी. बसून अंघोळीला जड, न हलणारे स्टूल द्यावे. संडासात बसण्याची उंची १७ ते १९ इंच असली की गुडघ्यांना सोपे जाते. भांडे बदलणे परवडत नसेल तर कमोडची खुर्ची चालते. भिंतीला दीड इंची पाइप धरायला लावावा. टॉवेलच्या दांडीवर भार देऊ नये, ती निखळते. पत्र्याच्या भिंतीत पाइप टिकत नाही. जमिनीत काँक्रीट करून खांब रोवावा.

पायरीऐवजी उतार करायचा तर १ इंच उंचीला १२ इंच लांबी धरावी. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. गवंडी आखूड करायला बघतो, ऐकू नका. व्हीलचेअरसाठी दार रुंद करताना भिंतीतला काँक्रीटचा पट्टा तोडू नये. भूकंपात घर त्यानेच धरून राहते. आधी इंजिनिअरला दाखवा.

हे सारे त्यांना विचारूनच करा. चौथ्या आज्ञेतल्या मानात विचारणेही येते, असे मला वाटते. एखाद्या आजीला कमोड नकोच असतो; मग दोन्ही बाजूंना धरायला द्या.

राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना जाहीर केली. ६५ वर्षांवरील गरजूंना काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये देण्याची ती योजना आहे. आधार कार्ड व पासबुक घेऊन समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.