दोन तीरांचे नगर

डॅन्यूब ही युरोपातील एक महानदी होय. जर्मनीतील काळ्या अरण्यात तिचा उगम होतो आणि सुमारे 2,850 किलोमीटरचा प्रवास करून ती काळ्या समुद्राला मिळते. वाटेत ती दहा देशांना स्पर्श करते. जगातील दुसरी कोणतीही नदी इतक्या देशांतून वाहत नाही. हंगेरीची राजधानी बुडापेस्ट याच नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेली आहे. विख्यात चित्रकर्त्री अमृता शेरगिल यांचा जन्म 1913 साली याच नगरात झाला. त्यामुळे भारतीयांना हे नाव अगदीच परके नाही.

डॅन्यूबवरून प्रवास करणारी पुष्कळ जहाजे बुडापेस्टच्या धक्क्यावरून निघतात. ही जहाजे सागरी जहाजांसारखी उंच नसतात. त्यांना अनेक पुलांखालून जावयाचे असते, म्हणून त्यांची बांधणी लांबट व बुटकी असते. नदीला पूर आला, तर त्यांना पुलांखालून जाता येत नाही; पाणी फार उतरले, तर ती तळाला लागतात. जहाज सायंकाळी सुटणार असले, म्हणजे प्रवाशांच्या हाती सबंध दिवस असतो. सामान जहाजावर ठेवून ते नगरदर्शनास बाहेर पडतात.

पश्चिम तीरावरचा भाग तो बुडा. तो टेकड्यांवर वसला आहे. येथील किल्ल्याच्या टेकडीवर जुना राजवाडा आहे आणि जवळच ‘कोळ्यांचा बुरूज’ या नावाची शुभ्र वास्तू आहे. तिचे सात मनोरे हंगेरीच्या सात आद्य टोळीनायकांचे स्मरण देतात. या बुरुजावरून खाली पाहिले, की मध्ये डॅन्यूबचे विशाल पात्र आणि पलीकडे सपाट भूमीवर पसरलेले पेस्ट दिसते. बुडा, जुने बुडा आणि पेस्ट ही पूर्वी निरनिराळी गावे होती. 1873 साली ती एक झाली व त्यांचे बुडापेस्ट बनले. ती एक कशी झाली, याचे उत्तर टेकडीच्या पायथ्याशीच उभे आहे. ते म्हणजे साखळी पूल.

दोनशे वर्षांपूर्वी या ठिकाणी कायमचा पूल नव्हता. उन्हाळ्यात एकीला एक नावा जोडून त्यांवर फळ्या टाकीत आणि असा नावांचा पूल करीत. हिवाळा आला, की तो काढून घ्यावा लागे. मग पात्रातून बर्फाचे मोठमोठे तुकडे वाहू लागत. त्यांतून नाव घालणे म्हणजे प्राणाशी गाठ! अशा दिवसांत बुडाचा मनुष्य बुडात आणि पेस्टचा पेस्टमध्ये अडकून पडे.

1820 साली डिसेंबरच्या अखेरीस एक तरुण उमराव पेस्टच्या तीरावर येऊन थांबला. त्याचे नाव इस्तवान सेचेनी. त्याचे वडील वारले होते आणि त्यांच्या अंत्यविधीसाठी त्याला जावयाचे होते. परंतु नदीत बर्फ वाहत होते. पैलतीर डोळ्यांना दिसत होता. पण पाय टाकावयास वाट नव्हती. जवळजवळ एक आठवडा त्याला तेथेच खोळंबून राहावे लागले. या नदीवर कायमचा पूल झाला पाहिजे, हा विचार त्याच्या मनात पक्का झाला.

पुलासाठी पैसा हवा होता; पण त्याहून अवघड असे एक काम होते. त्या काळी हंगेरीत उमरावांना कर माफ असत. कराचे ओझे शेतकऱ्याने वाहावे आणि उमरावाने मोकळे फिरावे, अशी रीत होती. सेचेनी स्वतः उमराव होता. तरीही पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाने पथकर दिला पाहिजे, असा त्याने आग्रह धरला. 1836 साली तसा कायदा झाला. पूल बांधून होण्याच्या आधीच त्याने गरीब व श्रीमंत यांना एका पायरीवर आणले होते.

पुलाचा आराखडा विल्यम टिअर्नी क्लार्क या इंग्रज अभियंत्याने केला. प्रत्यक्ष बांधकाम पाहण्यासाठी ॲडम क्लार्क हा स्कॉटलंडचा अभियंता आला. दोघांचे आडनाव एक असले, तरी त्यांचे नाते नव्हते. वाहत्या पाण्यात पाया घालावयाचा, म्हणून प्रथम नदीच्या तळात लाकडी खांब ठोकून भिंतीसारखे कडे उभारले. आतील पाणी उपसून काढले आणि उघड्या पडलेल्या तळावर दगडी मनोरे उभे केले. दोन मनोऱ्यांमधील अंतर 202 मीटर आहे. मनोऱ्यांवरून लोखंडी दुव्यांच्या प्रचंड साखळ्या नेल्या आहेत. त्यांची टोके दोन्ही तीरांवर भूमीखालील तळघरांत घट्ट रोवली आहेत आणि या साखळ्यांना सबंध रस्ता टांगलेला आहे.

1848 साली शेवटची साखळी वर चढवीत असता उचलण्याचे साधन तुटले. साखळी पाण्यात कोसळली आणि तिने पाहणाऱ्यांनाही खाली ओढले. त्यांत सेचेनीही होता. तो पोहत तीरावर आला. त्याच वर्षी हंगेरीत राज्यक्रांती झाली आणि पुढे युद्ध पेटले. देशावरील संकटाने सेचेनीचे मन खचले. त्याला व्हिएन्नाजवळील मनोरुग्णालयात न्यावे लागले. 20 नोव्हेंबर 1849 रोजी पूल खुला झाला, तेव्हा सेचेनी तेथे नव्हता. 1860 साली त्या रुग्णालयातच त्याचा अंत झाला. ज्या पुलासाठी त्याने जिवाचे रान केले, त्या पुऱ्या झालेल्या पुलावरून चालण्याचे भाग्य त्याला लाभले नाही.

पुलाच्या दोन्ही टोकांना दगडी सिंहांच्या जोड्या आहेत. त्या 1852 साली बसविल्या. शिल्पकार सिंहांना जिभा करावयास विसरला, अशी लोककथा सांगतात. वस्तुतः जिभा आहेत. खाली उभे राहून पाहणाऱ्यास त्या दिसत नाहीत, इतकेच.

पूल ओलांडून पेस्टमध्ये शिरताच हंगेरीच्या विज्ञान अकादमीची भव्य वास्तू समोर येते. ही संस्था स्थापन व्हावी, म्हणून 1825 साली सेचेनीने आपले एका वर्षाचे सारे उत्पन्न देऊ केले होते. तेथून नदीकाठाने उत्तरेस गेले, म्हणजे संसदभवन लागते. त्याची लांबी 268 मीटर असून घुमटाची उंची 96 मीटर आहे. हंगेरियन लोक या भूमीत इ. स. 896 च्या सुमारास आले, असे मानतात. 96 हा आकडा त्याची आठवण म्हणून योजिला आहे. या भवनाचा शिल्पज्ञ इम्रे श्टाइंडल काम संपत आले असता 1902 साली वारला.

संसदभवनाजवळ, अगदी पाण्याच्या कडेला, लोखंडात घडविलेले जोडे मांडलेले आहेत. काही पुरुषांचे, काही स्त्रियांचे आणि काही अगदी चिमुकले. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, हंगेरीतील एका क्रूर पक्षाच्या सशस्त्र लोकांनी ज्यू स्त्रीपुरुषांना व मुलांना या काठावर आणले. त्यांना जोडे काढावयास लावले आणि गोळ्या घालून नदीत लोटले. त्यांच्या स्मृतीसाठी 2005 साली हे जोडे येथे बसविण्यात आले. येथे कोणी मोठ्याने बोलत नाही. कित्येक लोक त्या जोड्यांत फुले ठेवून पुढे जातात.

त्याच युद्धात साखळी पुलाचाही नाश झाला. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने 18 जानेवारी 1945 रोजी तो सुरुंगाने उडविला. डॅन्यूबवरील नगराचे सारेच पूल पडले आणि दोन तीर पुन्हा दुरावले. परंतु लोक स्वस्थ बसले नाहीत. अन्नधान्याची व निवाऱ्याची टंचाई असताही त्यांनी पूल उभारण्यास हात घातला. 20 नोव्हेंबर 1949 रोजी, म्हणजे पहिल्या उद्घाटनाला बरोबर शंभर वर्षे झाली त्या दिवशी, साखळी पूल पुन्हा खुला झाला.

दिवस मावळू लागतो, तसे प्रवासी धक्क्याकडे परततात. डॅन्यूबवर आगबोटींची वाहतूक वाढावी, म्हणूनही सेचेनी झटला होता. 1830 साली तो स्वतः नावेतून या नदीने काळ्या समुद्रापर्यंत गेला होता. जहाज सुटते आणि संथपणे साखळी पुलाखाली शिरते. पुलावरचे दिवे पाण्यात थरथरतात. वरून माणसे ये-जा करीत असतात: कोणी कामावरून घरी चाललेला, कोणी आजारी आप्ताच्या भेटीस निघालेला. नदी ओलांडण्यासाठी आठवडाभर थांबण्याची पाळी आता त्यांच्यावर येत नाही.

स्वाध्याय

1. जुन्या काळी हिवाळ्यात बुडा व पेस्ट यांमधील दळणवळण का थांबे?
2. पथकराच्या कायद्यामुळे कोणती जुनी रीत मोडली?
3. वाहत्या पाण्यात मनोऱ्यांचा पाया कसा घातला, ते आपल्या शब्दांत लिहा.
4. 20 नोव्हेंबर हा दिवस बुडापेस्टच्या इतिहासात दोनदा महत्त्वाचा का ठरला?
5. वाक्यांत उपयोग करा: प्राणाशी गाठ असणे, जिवाचे रान करणे, मन खचणे.
6. तुमच्या गावाजवळचा एखादा पूल कोणी व केव्हा बांधला, आणि त्यापूर्वी लोक कसे ये-जा करीत, हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.