जुन्या सायकलीचा जीर्णोद्धार

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हीं नववीच्या वर्गांतील तिघांनीं एक उद्योग आरंभिला. आमच्या एका सोबत्याच्या घरीं, गोठ्याच्या आढ्याला उलटी टांगलेली एक काळी सायकल होती. ती त्याच्या आजोबांची. आजोबा प्राथमिक शिक्षक होते व याच सायकलीवरून त्यांनीं वीस-बावीस वर्षें गांवोगांवच्या शाळा केल्या. सोबत्याचें गांव आमच्या शाळेपासून आठ किलोमीटर, म्हणजे आजोबांच्या हिशेबानें अडीच कोस. गाडीच्या वेळा शाळेच्या घंटेशीं जुळत नाहींत. त्यामुळें पहिल्या सहामाहींत त्याचे बरेच दिवस बुडाले होते, आणि पुढील वर्षीं त्यास शेतावरच ठेवावें असें घरांत बोलणें चाललें होतें. नवी सायकल घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हां आढ्यावरची जुनी सायकल चालती होईल काय, हा प्रश्न आमच्यापुढें केवळ हौसेचा नव्हता.

सायकल खालीं उतरविली तेव्हां ती अ‍ॅटलास बनावटीची असल्याचें दिसलें. हा कारखाना १९५१ सालीं सोनीपत येथें निघाला, आणि त्याचा साहिबाबाद येथील शेवटचा कारखाना २०२० च्या जून महिन्यांत बंद पडला. अठ्ठावीस इंची चाकें, सळयांचे ब्रेक, लांबरुंद हँडल, मागें धान्याचें पोतें राहील असा कॅरियर. अशी सायकल आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं केव्हां ना केव्हां असेलच. चेनच्या पत्र्यावर पिवळ्या अक्षरांत आजोबांचें नांव, गांवाचें नांव आणि त्याखालीं ‘ता. नंदुरबार, जि. धुळे, १९७४’ असें पेंटरनें सुबक लिहिलें होतें. आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळे जिल्ह्यांतून वेगळा झाला. तोंवर आपणां सर्वांचा पत्ता असाच असे. या अक्षरांवरून पुढें आम्हांत तंटा झाला, तो यथावकाश सांगूं.

आम्हांपैकीं कोणासही या कामाची माहिती नव्हती. बाजारांतून आम्हीं प्रथम काळ्या रंगाचा डबा आणला, आणि मग तो घेऊन एका सायकल-मिस्त्रीकाकांकडे सल्ला विचारावयास गेलों. काका डब्याकडे पाहून हंसले व म्हणाले, “पोरांनो, हा डबा शेवटीं लागतो. आधीं सुतळी आणा.” सुतळीचें प्रयोजन असें. मागच्या चाकाचा आंस जेथें बसतो तेथें एका बाजूस सुतळी बांधावयाची, ती पुढें हँडलखालच्या नळीस वळसा घालून दुसऱ्या बाजूस ताणून आणावयाची, आणि बैठकीखालच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचें अंतर मोजावयाचें. अंतरें सारखीं भरलीं तर सांगाडा सरळ. न भरलीं तर सांगाडा वांकलेला, व अशा सांगाड्यावर रंग चढविणें म्हणजे पैसा वायां घालविणें. आमचीं दोन्ही अंतरें जुळलीं. त्या सायंकाळीं आम्हांस जो आनंद झाला तो पुढें चकाकता रंग पाहूनही झाला नाहीं.

काकांनीं बोलतां बोलतां सांगितलें कीं, सायकलीच्या दुकानास कोणी हलकें लेखूं नये. तें खरेंच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें, आणि त्यांतूनच पुढें नांगरांचा व पंपांचा मोठा उद्योग उभा राहिला. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं बेलफास्टच्या डनलप नांवाच्या पशुवैद्यानें हवेच्या टायरचा हक्क नोंदविला. त्यानें हा टायर प्रथम आपल्या मुलाच्या तीनचाकी गाडीसाठीं केला होता.

सुटें करण्यापूर्वीं प्रत्येक जोडाचें छायाचित्र घ्यावें. तें आम्हीं घेतलें. तरी पायडल काढतांना फसलोंच. उजवें पायडल नेहमींच्या दिशेनें सुटलें, डावें कांहीं केल्या सुटेना. तिघांनीं पाना धरून जोर लावला, तों तें अधिकच आंवळत गेलें! डाव्या पायडलचे आंटे उलटे असतात, कारण साधे आंटे असते तर तें पाय मारतां मारतांच सैल होऊन गळून पडलें असतें. कॉटर पिना गंजून बसल्या होत्या. त्यांवर तेल सोडून रात्रभर ठेविलें व सकाळीं लांकडाचा ठोकळा मध्यें धरून ठोकल्या. छर्रे थाळींत काढले: पुढच्या चाकांत दोन्ही बाजूंस दहा-दहा, मागच्यांत नऊ-नऊ. एक छर्रा घरंगळून गोठ्यांत गेला, तो म्हशीच्या खुरापाशीं सांपडला. डिझेलनें धुतल्यावर ज्या छर्‍यांवर खळगे दिसले ते आम्हीं सगळेच बदलले, कारण जुने व नवे छर्रे एकत्र घातल्यास भार सारखा वांटला जात नाहीं.

आतां मुख्य काम, तें गंजाचें. लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु हीं तिन्हीं एकत्र आलीं म्हणजे गंज चढतो. हा गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून तो रंगाच्या खालून फुगतो, रंगाला फोड आणतो, आणि फोडांतून पुन्हा पाणी आंत शिरतें. फोडावर रंग फांसला तर आंतला गंज थांबत नाहीं, झांकला मात्र जातो. तेव्हां गंज शुद्ध धातु लागेपर्यंत घासून काढला पाहिजे. आम्हीं ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरानें आरंभ करून एकशें वीस, दोनशें वीस व चारशें असे उत्तरोत्तर बारीक पेपर वापरले. पांच दिवस गेले, बोटांची सालें निघालीं. येथें पालकांस एक विनंती. जुन्या रंगांत शिसें असूं शकतें. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्ष भागांत नव्वद भाग इतकें मर्यादित करणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरांत अमलांत आला. त्याआधींच्या रंगाची धूळ मुलांनीं श्वासावाटे घेऊं नये. पेपर पाण्यांत भिजवून घासावा, तोंडास मास्क बांधावा आणि काम घराबाहेर करावें. हँडलच्या चकाकत्या मुलाम्यास मात्र पेपर लावूं नये. अन्न गुंडाळण्याची अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी पाण्यांत बुडवून चोळली तरी गंज निघतो.

घासलेल्या लोखंडावर त्याच दिवशीं तांबड्या ऑक्साईडचा प्रायमर दिला, कारण उघडें लोखंड एका रात्रींत पुन्हा तांबूस होतें. दुसऱ्या दिवशीं काळा रंग. सुटी संपत आली होती, म्हणून एकाच हातांत जाड थर द्यावा असें ठरलें. परिणाम असा कीं नळ्यांवरून रंगाचे ओघळ आले, आणि तिसऱ्या दिवशींही बोट लावतांच ठसा उमटे. रंग नुसता पातळ द्रव्य उडून वाळत नाहीं. त्यांतील तेल हवेंतला प्राणवायु शोषून घट्ट होतें. जाड थराची वरची साय आधीं घट्ट होते व आंतल्या रंगास हवाच मिळत नाहीं. ज्या प्राणवायूनें लोखंड गंजतें त्याच्याच साह्यानें लोखंडाचें चिलखत घडतें, ही गोष्ट आम्हीं पुस्तकांत वाचली नव्हती. भरींत भर म्हणून वारा फिरला आणि जवळच्या पथारीवर वाळत घातलेल्या लाल मिरचीचा भुकटा ओल्या रंगावर येऊन बसला. आम्ही शिंकत होतों व सायकल तांबडी होत होती. नंदुरबारांत मिरचीच्या हंगामांत उघड्यावर रंगकाम करूं नये, हें आम्हांस कोणी सांगितलें नव्हतें. सगळा रंग खरवडून पुन्हा पहिल्यापासून केलें. या वेळीं बंद खोलींत, तीन पातळ थर, प्रत्येक थरामध्यें एक दिवस.

या घाईंत आमच्या हातून आणखी एक चूक झाली. मागच्या मडगार्डावर त्याच पेंटरनें काढलेल्या सोनेरी रेघा होत्या. आम्हीं न पाहतां त्या घासून टाकल्या. चेनच्या पत्र्याकडे वळलों तेव्हां एकजण म्हणाला, “हेंही काढूं, आतां जिल्हा नंदुरबार आहे, जुना पत्ता कशास?” सोबती कांहीं बोलेना. अर्धा दिवस वाद झाला, शेवटीं आजोबांस विचारलें. ते म्हणाले, “सायकल तुमची आहे, बाबांनो. पण तो लिहिणारा आतां राहिला नाहीं.” मग आम्हीं त्या पत्र्यास पेपर लावला नाहीं. साबणाच्या पाण्यानें हलक्या हातानें धुऊन, कोरडा करून, त्यावर जवसाच्या उकळलेल्या तेलाचा अगदीं पातळ हात दिला व उरलेलें तेल पुसून घेतलें. पत्र्याचा काळा रंग नव्या सांगाड्याशेजारीं फिका दिसतो खरा. परंतु अक्षरें वाचतां येतात.

टायर, ट्यूब, ब्रेकचें रबर, छर्रे, ग्रीस, पेपर व रंग मिळून खर्च चौदाशें रुपये आला. तो तिघांच्या फराळाच्या पैशांतून व कांहीं आजोबांकडून निघाला. सोबती आतां रोज पहिल्या घंटेपूर्वीं शाळेंत असतो. पावसाळ्यापूर्वीं चेन एकदां काढून धुवावी लागेल, आणि मागचा ब्रेक अजून थोडा कुरकुरतो. मोकळ्या राहिलेल्या मडगार्डावर आम्हीं बाजारांतील पेंटरकडून पिवळ्या अक्षरांत नातवाचें नांव घालून घेतलें, व त्याखालीं ‘जि. नंदुरबार’.